वर बघायचा चष्मा

माझ्या डाव्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ आहे. तिथं केस उगवत नाहीत. हैदराबादेत आबिड्सच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात आरशासमोर बसलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या नाकावरची फ्रेम बघता बघता माझ्या भुवईकडे बघतं आणि विचारतं, ‘पडलात का कुठे?’ मी हो म्हणते. खरी गोष्ट अशी, की कुमुद टीचरनी मला चष्मा फेकून मारला होता. माझ्याच दुकानात, मीच मागवलेला चष्मा. आणि मी तेव्हा काही शाळकरी पोर नव्हते, माझी मुलगी कॉलेजात जात होती.

कुमुद टीचर काचीगुड्याजवळच्या आमच्या मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायच्या. ड्रिल म्हणजे कवायत, खो-खो आणि मार. बुटक्या, वाळक्या, पदर कमरेला असा आवळून खोचलेला की तो सुटलेला कधी कुणी पाहिला नाही. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टीची दोरी हीच त्यांची छडी. ती पोटरीवर कशी बसायची हे आमच्या वर्गातल्या बायका अजून भेटल्या की एकमेकींना सांगतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. लहान मुलींना मारणं वाईटच. टीचर आज नोकरीत असत्या तर पहिल्याच महिन्यात पोलीस ठाण्यात बसल्या असत्या, आणि मी काही त्यांना सोडवायला गेले नसते.

पण त्यांची एक रीत होती. मारून झालं की त्या स्वतःचा डावा तळहात पुढे करायच्या. ‘आता तू मार. जोरात. फिट्टंफाट.’ हे नाटक नव्हतं. त्या खरोखर हात धरून उभ्या राहायच्या, अख्खा वर्ग उन्हात ताटकळत असला तरी. आम्ही नाक ओढत नको नको म्हणायचो. ‘मारायचं नाही ना? मग मनात पण ठेवायचं नाही,’ असं म्हणून त्या शिट्टी फुंकायच्या आणि पुढचा खेळ सुरू व्हायचा. उजवा हात मात्र त्यांनी कधीच कुणापुढे धरला नाही. उजवा हात कामाचा, असं त्या म्हणायच्या.

आम्ही बरकतपुऱ्यात राहायचो आणि टीचर आमच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे त्यांच्या घरातलं आम्हाला सगळं ठाऊक. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं त्यांना जिन्यावरून ढकलून दिलं होतं. मानेचे मणके दुखावले, बरेच महिने गळ्यात पट्टा होता. पुढे एकदा त्यानं पुन्हा हात उगारला तेव्हा टीचर वाटण वाटत होत्या. हातातला वरवंटा त्यांनी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला, असं माझी आई सांगायची. मग टीचरनीच रिक्षा आणली आणि त्याला मलकपेठेतल्या हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनी विचारल्यावर नवरा म्हणाला, पडलो. टीचर म्हणाल्या, ‘पडला नाही. मी मोडला.’ घरी आल्यावर त्यांनी त्याच्यापुढे डावा तळहात धरला, मार म्हणाल्या. त्यानं मारलं नाही. थोड्याच दिवसांत निजामाबादला बदली करून घेतली आणि पुन्हा हैदराबादेत आला नाही.

आई हे सांगताना आवाज खाली करायची, पण तिच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी विसरलेले नाही.

झरीना आपा आमच्याच शाळेत उर्दू शिकवायच्या. राहायला मलकपेठेत. धिप्पाड, गोऱ्या, हसल्या की सगळ्या अंगानं हसणाऱ्या. मुलींना त्या ‘बेटा’ म्हणायच्या आणि परीक्षेत सढळ हातानं मार्क द्यायच्या. या दोघींचं जमेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांची गाठ पडली ती शिक्षकांसाठी भरलेल्या खडक चढायच्या एका शिबिरात. शहराबाहेर तेव्हा हव्या तेवढ्या शिळा होत्या.

खडक चढताना दोरीचं एक टोक चढणाऱ्या बाईच्या कमरेला असतं, मधे ती खडकात अडकवलेल्या कड्यांतून जाते आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या बाईच्या कमरेच्या कड्यातून तिच्या हातात. वरची चढेल तशी खालचीनं दोरी सोडायची, आणि ती निसटली की आवळून धरायची. याला त्या लोकांत बिले म्हणतात. खालचीचा उजवा हात दोरीवरून सुटता कामा नये आणि डोळे वरचीवरून हलता कामा नयेत. बाकी सगळं शिकता येतं.

त्या दिवशी कुमुद टीचर वर होत्या आणि दोरी झरीना आपांच्या हातात. वाऱ्यानं आपांची ओढणी तोंडावर आली. ती सारखी करायला त्यांनी खाली बघितलं, दोरी सैल पडली आणि नेमक्या तेव्हाच टीचर निसटल्या. थेट जमिनीवर. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. टीचर उठल्या, लंगडत आल्या आणि आपांच्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातलं उडून गवतात गेलं. मग म्हणाल्या, ‘डावा हात उचलायला येईना. गालावर मार.’ आणि गाल पुढे केला.

आमच्या सगळ्या शाळेला जे कधी जमलं नाही ते आपांनी केलं. त्यांनी मारली. मागंपुढं न बघता, पूर्ण ताकदीनं. टीचर मोडक्या खांद्यासकट खाली बसल्या. ‘बस्स? के और एक देऊं?’ आपांनी विचारलं. टीचर म्हणाल्या, ‘बस्स. फिट्टंफाट.’ दवाखान्यात जाताना जीपमध्ये आपा रडत होत्या आणि टीचर त्यांना रडू नको म्हणून शिव्या देत होत्या.

तेव्हापासून वाटणी ठरली. चढायचं आपांनी, दोरी टीचरनी धरायची. दोघी निवृत्त झाल्या, आपांचे गुडघे कुरकुरू लागले, तरी रविवार चुकला नाही. टीचर मराठीत बोलायच्या, आपा त्यांच्या दखनीत, आणि भांडणसुद्धा असं दोन भाषांतून व्हायचं. आपा कुणा दुसऱ्याच्या दोरीवर चढल्या नाहीत. टीचरनी कुणा दुसऱ्याची दोरी धरली नाही. ‘हिचं वजन माझ्या हाताला माहिती झालंय,’ एवढंच त्या सांगायच्या.

मधे शहराच्या नव्या भागात एका गोदामात लाकडी भिंत उभारून खडक चढायचा खेळ सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात या दोघी तिकडे जाऊ लागल्या. तिथं कंप्युटरवाले तरुण यायचे. त्यातल्या काहींच्या डोळ्यांवर टीचरनी तो चष्मा पहिल्यांदा पाहिला. त्यात भिंगांच्या जागी प्रिझम असतात, म्हणजे काचेचे तिरके ठोकळे. मान सरळ ठेवून समोर बघितलं तरी वरचं दिसतं. टीचरना तो अजिबात पटला नाही. ‘देवानं मान दिलीय ती काय मिरवायला?’ असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. त्याच दिवशी एक जण एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा होता. वर त्याची बायको लटकत होती. टीचरनी जाऊन त्याच्या मुस्काटात मारली. फोन फुटला. मग त्यांनी डावा तळहात पुढे केला. तो बिचारा मॅनेजरला बोलवायला गेला, आणि दोघींना तिथं पुन्हा यायची बंदी झाली. आपा हे सांगताना हसून हसून दमायच्या. त्या तरुणाची बायको मात्र बाहेर येऊन टीचरच्या पाया पडली म्हणे.

मग मान गेली. जिन्यावरून पडलेली ती जुनी मान, आणि त्यावर इतकी वर्षं तासन्‌तास वर बघणं. सकाळी उठल्यावर डोकं वळेना, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरनी फोटो बघून सांगितलं, की मान मागं टाकायची नाही, एखादा झटका बसला तर हातपाय जातील. टीचरनी त्यांना विचारलं, ‘हात जातील की पाय?’ डॉक्टर म्हणाले, दोन्ही. टीचर तिथून उठल्या आणि सरळ माझ्या दुकानात आल्या.

‘ए उमरीकर,’ शाळेत हाक मारायच्या तशीच हाक मारली. ‘मान न हलवता वर दिसंल असा चष्मा आण मला. आठ दिवसात पाहिजे.’

घाई का होती ते मला आपांकडून कळलं. शहराबाहेर एक उंच शिळा होती. गावकरी तिला अव्वा म्हणायचे, म्हणजे तेलुगूत आजी. खालचा भाग सपाट, मधे एक पुढे आलेला कठडा, आणि वर कपाळासारखी गोल. आपांनी ती कितीदा तरी चढायचा प्रयत्न केला होता, पण माथ्याच्या खालून परत यावं लागायचं. आता तिथं कॉलनी होणार होती. शेजारच्या शिळा सुरुंगानं उडवून झाल्या होत्या आणि अव्वाच्या अंगावर चुन्याची खूण पडली होती. आपांना ती फुटायच्या आधी एकदा माथ्यावर हात लावायचा होता. दोरी टीचरच्याच हातात हवी होती. आणि टीचरना वर बघता येत नव्हतं.

मी घाऊक व्यापाऱ्याला मागणी सांगितली. त्यानं पाठवला तो बिछान्यात पडून वाचायचा चष्मा. त्यातही प्रिझमच असतात. उताणं पडून छताकडे बघितलं की पोटावर धरलेलं पुस्तक दिसतं. उलटा करून घातला की सरळ डोक्यावरचं दिसतं. मला वाटलं, झालं काम. टीचरनी तो उलटा करून घातला आणि दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

‘काय दिसतंय?’ मी विचारलं.

‘तुझा पंखा. आणि त्याच्यावरची जळमटं.’ त्यांनी चष्मा काढला. ‘दोरी धरणारी काय खडकाला चिकटून उभी राहती काय गं? मागं सरकून उभी राहती. झरीना माझ्या डोक्यावर बसणार नाही, ती समोर वर असणार. तिरकी. हे आणायच्या आधी एवढं विचारायला तोंड शिवलं होतं तुझं?’

मीही काही गरीब गाय नाही. म्हणाले, ‘टीचर, तुम्ही वर म्हणालात, मी वरचा आणला. निदान हा ठेवा, आडवं पडून वाचता येईल.’

‘मी काय आडवी पडून मरणार आहे?’ असं ओरडून त्यांनी तो माझ्या तोंडावर फेकला. मला आधी ओलं लागलं आणि मग कळलं की रक्त आहे. दोन गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली. टीचरनी काउंटरवर डावा तळहात ठेवला. मी कापूस भुवईवर दाबून धरला होता, आणि मला इतका संताप आला होता की त्या तळहातावर मी खरंच मारली. इतक्या वर्षांनी. टीचरचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘आत्ता कशी,’ म्हणाल्या. ‘चल, आता नीट चष्मा बघू.’

तो चष्मा निवडायला लागलेले दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यात त्रासाचे आणि, आता म्हणायला हरकत नाही, सगळ्यात आनंदाचे. प्लॅस्टिकचा हलका मागवला तर तो घामानं नाकावरून घसरायचा. एक स्वस्त होता, त्यात कडेला सगळ्या वस्तूंना निळीतांबडी किनार दिसायची. मोठ्या प्रिझमचा एक आला, वरचं फार सुरेख दिसायचं, पण तो टीचरनी घातल्या घातल्या नापास केला. ‘ह्यात फक्त वरचंच दिसतंय. पायाखाली खड्डा असला तर? समोरून बैल आला तर?’ त्यांना वरचं प्रिझममधून दिसायला हवं होतं आणि त्याच वेळी प्रिझमच्या खालून आणि बाजूनं समोरचं उघडं राहायला हवं होतं. शेवटी धातूच्या बारीक फ्रेमचा, छोट्या प्रिझमचा एक आला. तो घालून त्या म्हणाल्या, ‘दोन दिसायलेत.’ टीचरचे डोळे जवळ जवळ होते, फ्रेम रुंद चेहऱ्यासाठी केलेली. दोन्ही डोळ्यांतली चित्रं एकमेकांवर बसेनात. ‘मला एक झरीना पुरे,’ त्या म्हणाल्या. मी नाकावरचा पूल चिमट्यानं दाबून दाबून दोन्ही प्रिझम जवळ आणले, तेव्हा कुठं चित्र एक झालं.

मग परीक्षा. त्यांनी मला दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभं केलं, स्वतः खाली फुटपाथवर, मान ताठ, नजर समोरच्या चपलांच्या दुकानाकडे. ‘टाक,’ म्हणाल्या. मी चष्म्याची रिकामी डबी टाकली. त्यांनी वर न बघता ती झेलली. दुसरी झेलली. ‘हळू टाकू नको. मार मला.’ मी नेम धरून मारू लागले. एक कपाळावर बसली, बाकी सगळ्या त्यांनी धरल्या. गर्दी जमली, स्कूटरवाले थांबले, ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी वाजवत आला. टीचर त्याला म्हणाल्या, ‘गप उभा राहा, नाहीतर तुला पण डबी लागंल.’ पडणारी डबी त्या हाताच्या कितीतरी आधी डोळ्यानं पकडत होत्या, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

अव्वावर पहिल्या रविवारी काय झालं ते मी पाहिलं नाही, आपांनी सांगितलं. आपा कठड्यापर्यंत पोचल्या होत्या. खाली सुरुंगाच्या ठेकेदाराचा माणूस एका जोडीदाराला घेऊन आला. ‘ए अम्मा, उतारो उसकू नीचे. इधर काम है.’ टीचर म्हणाल्या, ती चढून येईपर्यंत थांब. त्यानं खिशातून चाकू काढला आणि दोरीला हात घातला. ‘काटतौं देखो.’

टीचरच्या उजव्या हातात दोरी होती, ती सुटणार नव्हती. आपा वर आहेत हे प्रिझममधून दिसत होतं आणि तो माणूस प्रिझमच्या खालून दिसत होता. मान न वळवता त्यांनी कमरेच्या लोखंडी कड्यांचा झुबका डाव्या हातानं काढला आणि त्याच्या नाकावर घातला. नाक फुटलं. तो अंगावर आला तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, चाकू पडेपर्यंत सोडला नाही. त्याच्या जोडीदारानं पहारीनं त्यांच्या खांद्यावर मारलं. ‘मैं उप्पर से देखरूं, उस के मुंह पो खून, और उने मेरेकू बोलतीय, दायां पाऊं उप्पर ले!’ आपांनी मला सांगितलं. त्यांना धीर उरला नव्हता, त्या खाली आल्या. टीचरनी त्यांना अलगद जमिनीवर उतरवलं, रक्त थुंकलं आणि त्या दोघांना म्हणाल्या, ‘तुम्ही पण मारलं, मी पण मारलं. फिट्टंफाट. पुढच्या रविवारी येणार आम्ही.’ ती माणसं काय समजली कोण जाणे. पण पुढच्या रविवारी सकाळी ती आडवी आली नाहीत. लांब उभी राहून बघत होती.

त्या रविवारी मीही गेले. चष्म्याची एक काडी सैल झाली होती, ती तिथंच आवळायची होती. खोटं कशाला, मला बघायचंही होतं.

ऊन नुकतं वर आलं होतं. शेजारच्या फोडलेल्या शिळांचे तुकडे पांढरे, ताज्या जखमेसारखे दिसत होते. आपांनी दोरी बांधली, टीचरनी गाठ ओढून पाहिली, आपांनी टीचरच्या कमरेच्या कड्याचं कुलूप पाहिलं. आपा चढू लागल्या आणि टीचर मागं सरकून उभ्या राहिल्या. मान ताठ, डोळे समोरच्या दगडावर, आणि ओठ हलत होते. ‘डावीकडं. अजून. शाबास. हात बदल.’ हे आपांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. त्या स्वतःशीच चढत होत्या.

आपा कठडा ओलांडून गेल्या. गोल कपाळावर आल्या. माथा हातभर वर राहिला असेल. त्यांनी उजवा हात टाकला आणि ज्या खापेवर पाय होता ती खाप मोडली. आजूबाजूच्या सुरुंगांनी आतून तडे गेले असणार. मला आधी आवाज ऐकू आला. टीचरना ते त्याआधी दिसलं होतं, कारण दगड सुटायच्या क्षणाला त्या दोरी आवळून खाली बसल्या होत्या.

आपांचं वजन टीचरच्या दीडपट. दोरी ताणली गेली आणि टीचर जमिनीवरून उचलल्या गेल्या, खडकावर आपटल्या, आणि तशाच वर ओढल्या जाऊन कठड्याच्या खालच्या बाजूला त्यांचं डोकं बसलं. डोक्यावर शिरस्त्राण होतं. मान मागं गेली. प्रिझम फुटून कपाळात रुतले. खडकाचे तुकडे माझ्या आजूबाजूला पडत होते आणि मी नुसती किंचाळत होते.

आपा वर दोरीला लटकत होत्या. जिवंत होत्या, शिव्या देत होत्या. टीचर अर्ध्यावर लटकत होत्या, पाय लुळे, तोंडावर रक्त, डोळ्यांत रक्त. उजवी मूठ बंद. मी धावत त्यांच्या खाली गेले. ठेकेदाराची ती दोन माणसंही धावत आली, तो नाकावर पट्टी लावलेला सुद्धा. आम्ही टीचरचे पाय धरून त्यांना खाली घेतलं. दोरी आम्ही घेतो म्हटलं, तर मूठ उघडेना. मग त्यांनी न बघता, एका हातानं, तसूतसूनं दोरी सोडत आपांना खाली आणलं.

‘टेकली का जमिनीला?’ त्यांनी विचारलं.

‘टेकल्या, टीचर.’

‘दोन्ही पाय?’

‘दोन्ही.’

तेव्हा त्या आडव्या झाल्या. आपांनी येऊन त्यांची मूठ एकेक बोट उचलून सोडवली. टीचर म्हणाल्या, ‘आणि माझे पाय कुठायत गं, उमरीकर?’ त्यांचे पाय माझ्या मांडीवर होते.

दवाखान्यात त्यांच्या डोक्याला लोखंडी कडं बसवलं, त्याला वजनं लटकवली. उताणं पडायचं, डोकं तसूभर हलवायचं नाही. पाय गेले. डावा हात गेला. उजव्या हातात जीव राहिला. डॉक्टर म्हणाले, हे नवल आहे. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

त्यांना दिसत होतं फक्त छत. भेटायला येणारा माणूस पायाशी उभा राहिला तर तो त्यांना दिसायचाच नाही, आणि चेहऱ्यावर वाकला की त्या ‘ओणवी होऊन श्वास काय सोडती तोंडावर’ म्हणून खेकसायच्या. आपा पायाशीच बसून राहायच्या. टीचर छताला विचारायच्या, ‘झरीना, आहेस का?’ आपा म्हणायच्या, ‘हौ, हूं ना.’ काही वेळानं परत तोच प्रश्न.

मी दुकानात जाऊन खालचा खण उघडला. तो बिछान्यात पडून वाचायचा चष्मा तिथं होता, एका काडीवर माझं रक्त वाळलेलं. मी तो पुसला आणि दवाखान्यात नेला. आता उलटा घालायची गरज नव्हती. कपाळाच्या टाक्यांना लागणार नाही असा मी तो त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

टीचरना आता स्वतःची छाती, चादर, पलंगाचा दांडा आणि दांड्यापलीकडे बसलेल्या आपा दिसत होत्या.

‘किती वाळलीस गं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पडल्यापासून त्यांच्या मनात असणार. त्या क्षणी त्यांचं लक्ष आपांच्या पायाखालच्या दगडावर होतं आणि हात त्यांना दिसला नव्हता. ‘लागला होता का हात? माथ्याला?’

‘हौ,’ आपा म्हणाल्या. ‘लगा ना. पूरा हाथ लगा.’

टीचर प्रिझममधून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

‘खोटं. दिसायलंय मला.’

आपा रडू लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. ‘हातभर रह गया था,’ त्या म्हणाल्या. ‘माफ कर कुमुद, मेरा पाऊं...’

‘पाय नाही, दगड मोडला. मी बघत होते.’ टीचरचा आवाज चढला. नर्स धावत आली. ‘आणि ऐक. परत जाशील. पण माझी वाट बघ. दुसऱ्या कुणाच्या दोरीवर चढलीस तर तंगडं तोडीन.’

अव्वा त्याच्या आदल्याच दिवशी फोडली होती. आपांना आणि मला माहिती होतं. आपा म्हणाल्या, ‘नक्को, किसी के नै चढती मैं. तेरे बिगर नै.’ आणि टीचरच्या डोळ्यांवर चष्मा असूनही हे त्यांनी इतकं सरळ तोंड ठेवून सांगितलं, की टीचरना त्यात खोटं सापडलं नाही. कारण त्यात खोटं नव्हतं.

नंतर चार-आठ दिवसांत छातीत कफ साठून टीचर गेल्या. तेव्हा मी तिथं नव्हते. मला आठवते ती त्या संध्याकाळची निघतानाची वेळ. दारापाशी मी वळून पाहिलं. आपांनी खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला ओढून घेतली होती, आणि त्यांच्या ओढणीचं टोक टीचरच्या उजव्या मुठीत होतं. आपा पाणी घ्यायला उठल्या. टीचरच्या बोटांनी ओढणी थोडी सोडली, जेवढी लागत होती तेवढीच. आपा परत येऊन बसल्या, तशी त्या बोटांनी सैल पडलेली ओढणी हळूहळू गोळा केली आणि मूठ मिटून घेतली.